दीर्घकालीन ताण आणि शरीराचे वजन : दोणपाक सुत्ताच्या निमित्ताने

संयुत्त निकायाच्या सगाथवग्गात कोसल संयुत्त आहे. त्यातील दोणपाक सुत्त हे एक लहानसे सुत्त गेल्या वर्षावासात विहारातील पाली वर्गात आम्ही शिकवीत होतो. कोसलनरेश पसेनदि दोणभर तांदळाचा भात खात असे. असेच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याची अवस्था पाहिली आणि भोजनात मात्रा जाणणाऱ्याचे हित सांगणारी एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. ही गाथा पाठ करून जेवणाच्या वेळी आपल्यासमोर म्हणण्याचे काम राजाने त्याला दिले आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार दोणावरून नाळी या कितीतरी लहान मापावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले, असे सुत्त सांगते.

पाठ संपल्यावर एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या एका रुग्णालयात आया म्हणून काम करतात. आठवड्यातून तीन-चार रात्रपाळ्या, यजमानांचे काम सुटलेले, मुलीच्या शिक्षणाची फी थकलेली, अशी त्यांची परिस्थिती. त्या म्हणाल्या, “सर, राजा दोणभर खात होता म्हणून स्थूल झाला, हे समजले. माझ्या ताटात दोन चपात्यांच्या वर कधी काही नसते. तरी चार वर्षांत बारा किलो वजन वाढले. माझे नेमके काय चुकते?” मागून कोणीतरी “जिभेवर ताबा हवा” असे म्हटले. काही जण हसले. ताई गप्प बसल्या. तेवढ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, माझे तर उलट आहे. काळजीने घास गिळत नाही. दोन वर्षांत सगळे कपडे सैल झाले.”

त्या दिवशी आम्हांला या दोघांना नीट उत्तर देता आले नाही. आम्ही पालीचे अभ्यासक आहोत, वैद्यकाचे नव्हे. परंतु प्रश्न मनात राहिला. त्यानंतर जे वाचले आणि वैद्यक क्षेत्रातील स्नेह्यांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

ताण म्हणजे काय?

ताण ही केवळ मनाची अवस्था नाही, ती शरीराचीही अवस्था आहे. ही गोष्ट प्रयोगाने पुढे मांडणाऱ्यांत हान्स सेल्ये हे अग्रगण्य होत. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करीत असताना १९३६ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्यांनी उंदरांना कडाक्याची थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम, औषधांच्या प्राणघातक ठरणार नाहीत अशा विषारी मात्रा अशा भिन्न भिन्न त्रासांना सामोरे जावयास लावले. त्रास वेगवेगळे होते, परंतु शरीरात घडलेले बदल सारखेच होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. संकट कोणतेही असो, शरीराची त्यास तोंड देण्याची एक सामाईक रीत आहे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होय.

ही रीत पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट झाली. संकटाची जाणीव होताच दोन व्यवस्था कामाला लागतात. पहिली मज्जातंतूंची. तिच्यामुळे अ‍ॅड्रेनलिन रक्तात येते, हृदयाची धडधड वाढते, साठवलेली साखर रक्तात उतरते आणि पचन मंदावते. या वेळी भूक मरते. भयभीत माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. दुसरी व्यवस्था संप्रेरकांची. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्यूटरी अर्थात पोष ग्रंथीला इशारा देतो, पोष ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना इशारा देते आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संकट ओसरले की खर्च झालेली शक्ती भरून काढण्याचे काम कॉर्टिसॉल करते. म्हणून ते भूक वाढवते.

अल्पकाळाच्या संकटात ही योजना उपकारक आहे. साप दिसला, माणूस पळाला, वाचला, थोड्या वेळाने जेवला, प्रकरण संपले. परंतु थकलेले घरभाडे, वरिष्ठांची रोजची बोलणी, पाळीचे बदलते वेळापत्रक, घरातील दीर्घ आजारपण ही संकटे सापासारखी निघून जात नाहीत. त्यांच्यापासून पळताही येत नाही. अशा वेळी पळण्यासाठी रक्तात आलेली साखर वापरली जात नाही आणि भरपाईसाठी येणारे कॉर्टिसॉल मात्र पुनःपुन्हा येत राहते. दीर्घकालीन ताण तो हाच.

कॉर्टिसॉलचे कार्य

कॉर्टिसॉल जादा झाल्यास काय होते, याचे एक उदाहरण अनेक घरांत पाहावयास मिळते. दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या विकारांसाठी काही रुग्णांना डॉक्टर दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. या गोळ्या कॉर्टिसॉलच्याच कुळातील होत. त्या बरेच दिवस घेणाऱ्यांची भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक राहतात. (या गोळ्या मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, हेही येथे सांगितले पाहिजे.) ताणात वाढणारे कॉर्टिसॉल इतक्या मोठ्या प्रमाणात नसते, परंतु त्याची दिशा तीच असते. ते स्नायूंतील प्रथिने मोडते. इन्शुलिनच्या जोडीने ते चरबीची साठवण वाढवते, आणि ही साठवण विशेषतः पोटाच्या आत, आतड्यांभोवती होते. तेथील चरबीच्या पेशी कॉर्टिसॉलला अधिक प्रतिसाद देतात. मधुमेह व हृदयविकार यांचा संबंध याच चरबीशी अधिक आहे.

माणसात याचा पडताळा घेण्याची एक सोपी वाट केसांतून सापडली. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि रक्तातील कॉर्टिसॉलची खूण त्यात राहते. इंग्लंडमध्ये ५४ वर्षे व त्यापुढील वयाच्या अडीच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या केसांची मुळाजवळची दोन सेंटिमीटर लांबी तपासण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केसांत कॉर्टिसॉल अधिक असणाऱ्यांचे वजन व कंबरेचा घेर अधिक आढळला. अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. स्थूलतेमुळेही कॉर्टिसॉल वाढू शकते. ही सावधगिरी या विषयात सतत बाळगावी लागते.

खाण्याच्या निवडीवरही ताणाचा परिणाम होतो. थकलेला माणूस काकडी मागत नाही. तो भजी, फरसाण, गोड चहा, बिस्किटे मागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक मेरी डॅलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असा विचार मांडला की गोड व स्निग्ध अन्नामुळे मेंदूतील ताणाची यंत्रणा काही काळ शमते. उंदरांवरील प्रयोगांचा त्यास आधार होता. म्हणजे ताणलेला माणूस असे अन्न मागतो, ते केवळ जिभेच्या हट्टापायी नव्हे. त्याचे शरीर हाताशी असलेले औषध शोधत असते. औषध चुकीचे असेल, परंतु वेदना खरी असते. वेदनेच्या प्रत्ययाने तण्हा उत्पन्न होते, हे पटिच्चसमुप्पादाच्या अभ्यासकास नवे नाही.

झोप आणि चयापचय

ताईंच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्यांच्या रात्रपाळीत आहे. शिकागो विद्यापीठातील एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले आणि दुसऱ्या खेपेस दोन रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी झोपेनंतर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक लावणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि तरुणांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. केवळ दोन रात्रींचा हा परिणाम आहे. ताण झोप मोडतो, मोडलेली झोप भूक वाढवते, आणि थकव्यामुळे हालचालही कमी होते.

ताट तेच असले तरी शरीर त्याचे काय करते, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ५८ स्त्रियांना एकसारखे स्निग्ध जेवण देऊन त्यानंतरच्या सहा तासांत शरीराने किती उष्मांक खर्च केले हे मोजण्यात आले. आदल्या दिवशी ज्यांना त्रासाचे प्रसंग आले होते, त्यांच्या शरीराने इतरांपेक्षा सरासरी १०४ उष्मांक कमी खर्च केले. हा अभ्यास २०१५ चा. तो लहान आहे आणि एका जेवणापुरता आहे. तरीही “मी तेवढेच खाते, मग वजन का वाढते?” या प्रश्नाची थट्टा करण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

एकच ताण, दोन परिणाम

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. ताणाने एकाचे वजन वाढते आणि दुसऱ्याचे घटते, हे कसे?

लंडनमधील सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ नोकर त्यात होते. कामाचा बोजा मोठा, परंतु ते काम कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार नाही, अशा अवस्थेला या संशोधकांनी कामाचा ताण म्हटले. २००६ मध्ये त्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. अशा ताणाखाली मुळात स्थूल असलेल्या पुरुषांचे वजन पाच वर्षांत वाढले आणि मुळात कृश असलेल्यांचे घटले. स्त्रियांत मात्र हा दुहेरी परिणाम दिसला नाही. पुढील वर्षी याच अभ्यासाचा १९ वर्षांचा आढावा प्रसिद्ध झाला. अधिक वेळा ताण नोंदविणाऱ्यांत स्थूलता अधिक होती, आणि येथे सहकाऱ्यांचा आधार नसणे हेही ताणाच्या मोजमापात धरले होते.

दुसरीही बाजू नमूद केली पाहिजे. २०११ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासण्यात आले, तेव्हा ताणाचा वजनावरील सरासरी परिणाम लहानच आढळला. बहुतेक अभ्यासांत तो दिसलाच नाही. काहींचे वजन वाढते व काहींचे घटते, आणि सरासरीत दोन्ही एकमेकांना खोडतात, हे याचे एक कारण असू शकते. म्हणून ताण हेच स्थूलतेचे एकमेव कारण, असे म्हणणेही चूक ठरेल. अन्न, श्रम, आनुवंशिकता, वय, आजार, औषधे ही सारी कारणे आहेतच.

आपल्याकडील शरीराची ठेवण हेही एक कारण लक्षात घेतले पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. २००४ मध्ये त्यांनी व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. आपण दिसावयास बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असू शकतो. म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला कंबरेचा घेर धोक्याची सूचना मानतात.

अवहेलनेचा ताण

आमच्या वाचकांस ज्याचा विसर पडू शकत नाही, असा एक ताण आहे. तो अवहेलनेचा. अमेरिकेत १९९५ पासून सुमारे ५९,००० कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास चालला आहे. दुकानात वाईट वागणूक मिळणे, लोकांनी आपल्याला कमी बुद्धीचे समजणे, आपली भीती बाळगणे, असे रोजचे अनुभव ज्यांना अधिक येत होते, त्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक वाढले, असे २००९ मध्ये त्यातून प्रसिद्ध झाले. अपमान आला आणि विसरला, असे होत नाही. शरीर तो जमेस धरते.

वजनावरून होणारी हेटाळणी हीसुद्धा अवहेलनाच होय. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांची २००६ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये पाहणी झाली. वजनामुळे आपल्याला वाईट वागणूक मिळते असे ज्यांनी सांगितले, त्यांच्यापैकी आधी स्थूल नसलेल्यांत पुढे स्थूल होण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. हसण्याने माणूस सुधारत नाही. त्याच्या ताणात एका कारणाची भर पडते. आमच्या वर्गात त्या दिवशी जे हसू उमटले, ते आम्हांला म्हणूनच खटकते.

सीवक सुत्ताचा दाखला

वेदना संयुत्तात सीवक सुत्त आहे. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले काय मत आहे, असे मोळियसीवक परिव्राजक भगवंतांना विचारतो. भगवंत हे मत नाकारतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूतील बदल, विषम परिहार म्हणजे शरीराची अयोग्य निगा, बाहेरून होणारा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात. अनेक कारणांतून एक निवडून त्याच्यावरच सारा भार टाकणे त्यांना मान्य नाही. पूर्वजन्मीच्या पापाचे नाव घेऊन माणसाच्या दुःखाला त्यालाच जबाबदार धरण्याची रीत आपल्या समाजाने फार सोसली आहे. ‘जिभेवर ताबा नाही’ हे वाक्य त्याच रीतीचे धाकटे भावंड आहे. दोन्हींत कारणांचा शोध थांबतो.

काय करावे?

प्रथम वैद्यकीय तपासणी. कारण नसताना वजन झपाट्याने वाढले किंवा घटले, तर ‘ताण असेल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. वाढत्या वजनामागे थायरॉइडचा विकार असू शकतो, घटत्या वजनामागे क्षयरोग किंवा मधुमेह असू शकतो. त्या विद्यार्थ्याला आम्ही हेच सांगितले.

दुसरी गोष्ट ध्यानाविषयी. ध्यान केल्याने वजन उतरते, असा प्रचार अलीकडे ऐकू येतो. त्याबाबत मोजके बोलावे. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ४७ स्थूल स्त्रियांवरील एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील काहींना चार महिने सजगतेचे व सावकाश, लक्षपूर्वक जेवण्याचे शिक्षण दिले होते. दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांची सजगता अधिक वाढली, त्यांची पोटावरील चरबी अधिक घटली. सति ही वजन उतरविण्याची गोळी नव्हे. भूक लागली आहे की शीण आला आहे, हे ओळखावयास ती शिकवते, आणि तेवढेही थोडे नाही.

तिसरी गोष्ट दोणपाक सुत्तातूनच घ्यावी. भगवंतांनी राजाला दोष दिला नाही, उपवासही सांगितला नाही. भात एका दिवसात दोणावरून नाळीवर आला नाही, तो क्रमाक्रमाने आला. आणि राजाला एकट्याच्या निग्रहावर सोडले गेले नाही. जेवणाच्या वेळी आठवण करून देणारा माणूस त्याच्याजवळ होता. त्याच संयुत्तात या सुत्तानंतर लगेच येणाऱ्या दोन सुत्तांत अजातसत्तुशी झालेल्या युद्धांत राजाचा आधी पराभव आणि मग विजय होतो. राजा चिंतेमुळे अधिक खात होता, असे सुत्त म्हणत नाही आणि आपणही ते त्यात घालू नये. परंतु ताटावर बसलेला राजा आणि रणांगणावर हरलेला राजा एकच होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पुढच्या वर्गात हे सारे आम्ही सांगितले. ताईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “सर, राजाजवळ सुदस्सन होता. माझ्याजवळ कोण आहे?”

या प्रश्नाला संप्रेरकांच्या माहितीत उत्तर नाही. रात्रपाळ्यांचे वाटप न्याय्य व्हावे, घरातील काम एकीच्याच अंगावर पडू नये, थकलेल्या माणसाला निवांत झोपेचे सहा-सात तास मिळावेत, ही उत्तरे घरात आणि कामाच्या ठिकाणी शोधावी लागतील. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दुःखाच्या सामाजिक कारणांकडे आपले लक्ष वेधले ते याचसाठी. विहारापुरते बोलायचे तर उपासक-उपासिकांनी परस्परांचे सुदस्सन व्हावे. कोणी सकाळी सोबत चालावयास जावे, कोणी शेजारणीच्या मुलांना दोन तास सांभाळावे, कोणी दवाखान्यात बरोबर जावे. आणि आपल्या वर्गात कोणाच्या शरीरावर कोणी हसू नये. याची सुरुवात आम्ही आमच्या वर्गापासून केली आहे.